गिटार सोडू नका, हात सांभाळा

हात दुखल्याशिवाय हात तयार होत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. तबल्याच्या क्लासपासून कुस्तीच्या तालमीपर्यंत हे वाक्य ऐकू येते आणि सांगणारा बहुधा वडीलधारा असल्यामुळे त्याला कोणी उलट प्रश्न करीत नाही. मला मात्र हे वाक्य दवाखान्यात वरचेवर ऐकावे लागते, आणि तेही मनगट धरून आलेल्या पोरांच्या तोंडून. म्हणून आज त्याच्याविरुद्ध लिहायचे ठरवले आहे. निमित्त आहे इलेक्ट्रिक गिटारचे.

इलेक्ट्रिक गिटार आणि शिरूर-दौंडचा हा भाग यांचा संबंध काय, असे काही वाचकांना वाटेल. आपल्याकडे वाद्य म्हणजे भजनी मंडळाचा पखवाज आणि पेटी, चौफुल्याच्या कला केंद्रांतली ढोलकी, लग्नाच्या वरातीतला बेंजो. त्यातला बेंजो तरी कुठे आपला होता? मूळचे जपानी वाद्य, नागोया शहरात १९१२ साली तयार झालेले. टाइपरायटरसारख्या बटणांचे ते वाद्य आपल्याकडे आले आणि वरातीत असे रुळले की आज ते परके आहे हे कोणाला सांगूनही पटणार नाही. गिटारचेही तसेच होत आहे. इनामगावसारख्या घोड नदीकाठच्या गावातही आता एखाद्या घरात खुंटीला गिटार टांगलेली दिसते. शिकवायला मास्तर जवळ नाही, पण मोबाइल आहे, आणि मोबाइलवर जगातले सगळे वादक आहेत. त्यांच्यातला सर्वांत वेगाने वाजवणारा कोण, तो या मुलांचा गुरू.

या गुरूंची एक करामत म्हणजे टॅपिंग. गिटार नेहमी वाजवतात ती अशी : डाव्या हाताची बोटे दांडीवरच्या पडद्यांपाशी तार दाबतात आणि उजवा हात नखीने तार छेडतो. टॅपिंगमध्ये नखीचे काम जवळजवळ संपते. डाव्या हाताची बोटे तारेवर हातोडीसारखी आपटून स्वर काढतात आणि उजव्या हाताचे बोटही त्याच दांडीवर येऊन वरच्या पडद्यावर तार ठोकते, मग किंचित बाजूला ओढून सोडते. सोडताना खालचा स्वर वाजतो. सतार ऐकणाऱ्यांना यातले डाव्या हाताचे अर्धे काम नवीन नाही. बोट आपटून स्वर काढणे म्हणजे जमजमा आणि ओढून सोडणे म्हणजे कृंतन, हे आपले सतारिये कितीतरी काळ करीत आले आहेत. तुर्कस्तानात बागलामा नावाच्या वाद्यावरही नखी बाजूला ठेवून बोटांनी वाजवण्याची जुनी रीत आहे. नवीन आहे ते दुसऱ्या हाताने पहिल्याच्या मुलखात शिरणे. दोन्ही हात एकाच दांडीवर धावू लागले की एका गिटारमधून पेटीसारखे भराभर स्वर पडतात, आणि ऐकणारा तोंडात बोट घालतो.

हे इलेक्ट्रिक गिटारवरच का साधते, तेही समजून घ्यावे, कारण पुढची सगळी आरोग्याची गोष्ट त्यावर उभी आहे. या गिटारमध्ये तारांच्या खाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. सायकलच्या डायनामोचे जे तत्त्व तेच हे. ती क्षीण वीज ॲम्प्लिफायर वाढवतो. म्हणजे आवाज मोठा करण्याचे काम यंत्राचे आहे, बोटाचे नाही. बोटाने फक्त तार पडद्याला टेकवायची. तारा बारीक, दांडीपासून जेमतेम उंचीवर. टेकवायला लागते ते बळ कळीचे फूल खुडण्याइतके. आणि नेमके हेच शिकणाऱ्याला पटत नाही. तो तार अशी दाबतो की जणू विहिरीचा दोर हातातून निसटतो आहे.

टॅपिंग प्रसिद्ध केले ते अमेरिकेतील एडी व्हॅन हेलन या वादकाने. १९७८ सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘इरप्शन’ नावाचा पावणेदोन मिनिटांच्या आतला एक तुकडा आहे; त्याने त्या वेळच्या गिटारवाल्यांची झोप उडवली. इंग्लंडचा स्टीव्ह हॅकेट त्याच्या आधीच, सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला, हे करीत होता. एमेट चॅपमन या गृहस्थाने तर १९६९ साली दोन्ही हातांची स्वतंत्र पद्धत बसवली आणि तिच्यासाठी वेगळे वाद्यच तयार केले. पण नाव झाले व्हॅन हेलनचे. मुंबईत रॉक मशीन हा वाद्यवृंद १९८४ साली निघाला, पुढे त्याचेच नाव इंडस क्रीड झाले. त्यात महेश तिनईकर गिटार वाजवत. तेव्हा आपल्या राज्यातल्या पोरांनी इलेक्ट्रिक गिटार हाती धरल्याला चाळीस वर्षे होऊन गेली. गावापर्यंत यायला तिला वेळ लागला, इतकेच.

आता हाताकडे वळू. वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. उजव्या हाताने डाव्या कोपराच्या खालचा भाग पकडा आणि डाव्या हाताची बोटे पेटी वाजवल्यासारखी हलवा. हालचाल बोटांत दिसते, पण कातडीखाली वळवळते ते कोपराखाली. कारण बोटांमध्ये स्नायू जवळजवळ नाहीतच. बोटे वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू कोपर व मनगट यांच्यामध्ये आहेत, आणि कठपुतळीच्या दोऱ्यांप्रमाणे लांब कंडरा त्यांना बोटांशी जोडतात. मनगटापाशी या दोऱ्या एका अरुंद बोगद्यातून जातात. बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस, एवढी गर्दी त्या बोगद्यात असते. कंडरा घासून सुजल्या की बोगद्यात जागा उरत नाही आणि नस चेपली जाते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. रात्री झोपेत मुंग्यांनी जाग येते, हात झटकावा लागतो.

दुसरा प्रयोग. तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधले बोट आत दुमडून घ्या, बाकीची सरळ. आता अनामिका वर उचला. उचलत नाही. तर्जनी उचलते, करंगळी उचलते, अनामिका मात्र चिकटल्यासारखी राहते. हा आजार नव्हे, रचनाच तशी आहे. हाताच्या पाठीवर या बोटांच्या कंडरा एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत. टॅपिंग शिकणारा मुलगा याच बोटांना स्वतंत्रपणे धावायला सांगतो. सरावाने मेंदू यातून बरीच वाट काढतो, पण पट्टी काही तुटत नाही आणि तुटूही नये. बोटे ‘सुटी’ करण्यासाठी स्प्रिंगची यंत्रे हल्ली घरबसल्या मागवता येतात. ती घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. रॉबर्ट शुमान हा जर्मन संगीतकार तरुणपणी पियानोवादक होणार होता. १८३० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि वादन संपले. बोटाचा व्यायाम करण्याचे यंत्र वापरल्यामुळे असे झाले, अशी गोष्ट सांगतात. खऱ्या कारणाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे, पण यंत्र वापरले नसते तर काही बिघडले नसते, हे तरी कोणी नाकारणार नाही.

माझ्याकडे या भागातला बारावीत शिकणारा एक मुलगा आला होता. सोबत वडील. वडिलांनी बसायच्या आतच सांगितले, “डॉक्टर, याला तेवढं ते गिटार बंद करायला सांगा. आमचं तर काही ऐकत नाही. आता हात धरून बसलाय, परीक्षेत पेपर कोण लिहिणार?” मुलगा खाली मान घालून उभा. उजव्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला सूज होती. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितले तर डोळ्यांत पाणी आले. डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दाबले की दुखत होते. टॅपिंग तो चार महिन्यांपासून शिकत होता, दिवसाला तास-दीड तास.

वडिलांचे म्हणणे वरवर बरोबर दिसते. गिटार आली, हात दुखू लागला. म्हणजे गिटारमुळे दुखू लागला. पण दिवसभरात हे हात आणखी काय करतात, हे विचारल्याशिवाय निदान करू नये. विचारले. घरी चार गाई. पहाटे आणि संध्याकाळी धारा काढायच्या, त्यातल्या दोन याच्या वाटणीला. तोही अंगठा दुमडून धार काढणारा. त्यानंतर मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन डेअरीला जायचे. खडबडीत रस्ता आणि क्लचची मूठ. मग कॉलेज, लिहिणे. रात्री मोबाइल, तोही एका हाताच्या अंगठ्याने. आणि सर्वांच्या शेवटी गिटार.

एका गाईच्या धारेत मूठ शेकड्यांनी आवळावी लागते. अंगठा दुमडून त्याच्या सांध्याचा दाब देत धार काढण्याची सवय आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. ती गाईच्या सडालाही वाईट आणि काढणाऱ्याच्या अंगठ्यालाही. पूर्ण मुठीने, वरून खाली एकेक बोट मिटत काढलेली धार दोघांनाही मानवते. हे पशुवैद्यक वर्षानुवर्षे सांगत आहेत. म्हणजे ज्या कंडरा पहाटे पाच वाजता थंड पाण्याने सड धुऊन कामाला लागतात, त्याच रात्री दहा वाजता टॅपिंगला जुंपल्या जातात. बैलाला आपण दिवसभर नांगराला आणि रात्री पुन्हा मोटेला जुंपले नसते. गिटार ही शेवटची काडी होती. पण सगळा भारा तिचा नव्हता.

हे मी वडिलांना सांगितले तेव्हा ते गप्प झाले. त्यांच्या मनातला प्रश्न मला कळत होता. दुखण्याचे कारण गाय आणि गिटार दोन्ही असतील, तर सोडायचे काय? गाय पोट भरते. गिटारने काय मिळते? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात नाही, तरी मला मत आहे आणि ते मी दिले. सतरा वर्षांचे पोर रात्री दहानंतर दीड तास एका गोष्टीवर चित्त लावून बसते, चुकले की पुन्हा करते, कोणी न सांगता करते. ही सवय विकत मिळत नाही. आणि हातकसबाला या मातीत काही कमी मान नव्हता. इनामगावला पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. प्रा. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या त्या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले गाव उजेडात आले. त्यात धान्य साठवण्याची सोय होती, पाटाने पाणी आणलेले होते, आणि वस्तीच्या पश्चिम अंगाला कुंभार, सोनार, मणी घडवणारा, हस्तिदंताचे काम करणारा अशा कारागिरांची घरे होती. गारगोटीच्या जातीच्या दगडाची बोटभर लांब, धारदार पाती काढणारे हात तिथे होते. धान्याच्या चिंतेत असलेल्या त्या गावानेही मणी घडवणाऱ्याला तू हे सोड आणि शेण काढ, असे सांगितलेले दिसत नाही. (त्याच वस्तीतल्या लहान मुलांच्या दुधाच्या दातांवर उपासमारीच्या व आजारपणाच्या खुणा अभ्यासकांनी वाचल्या आहेत. शरीर आपले हाल लिहून ठेवते, आणि तीन हजार वर्षांनी कोणी तरी ते वाचते.)

तेव्हा गिटार बंद नाही. बंद काय, ते सांगतो. तीन आठवडे टॅपिंग बंद, कारण सुजलेल्या कंडरेला विश्रांतीशिवाय दुसरे औषध नाही. बाकीचे सगळे उपचार विश्रांतीच्या मदतीला. अंगठ्याला आधार देणारा पट्टा. एका गाईची धार धाकट्या भावाकडे, दुसरीची मुठीने. मोबाइल टेबलावर ठेवून. इतके मुलाने आणि वडिलांनी मान्य केले. वडिलांनी थोडी कुरकुर केली, पण केले.

यानंतर सुरुवात कशी करायची, हे या मुलाला सांगितले तेच सर्वांना सांगतो. वाजवण्यापूर्वी हात गरम असले पाहिजेत. घोड नदीच्या काठी पौष-माघात पहाटे आणि रात्री काय थंडी असते हे इथल्या लोकांना सांगायला नको. गार हाताने जलद वाजवणे म्हणजे थंड इंजिनाला एकदम रेस देणे. कोमट पाण्यात पाच मिनिटे हात बुडवावेत, मग संथ लयीत साधे वाजवावे. वीस-पंचवीस मिनिटे झाली की पाच मिनिटे गिटार खाली ठेवायची, आणि त्या पाच मिनिटांत मोबाइल हातात घ्यायचा नाही. तसे केले तर विश्रांती झाली असे हाताला वाटत नाही. काल अर्धा तास आणि आज रविवार म्हणून तीन तास, हे तर बिलकूल नको. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या वादकांचे दुखणे गॅदरिंगच्या किंवा जत्रेच्या आदल्या आठवड्यातले असते.

लय. आपले जुने तबलजी शिष्याला महिनोन्महिने ठाय लयीत ठेवायचे आणि शिष्य कंटाळायचा. त्यात हाताचे फार मोठे रक्षण होते, हे त्या गुरूंना शरीरशास्त्र न शिकताही ठाऊक होते. संथ लयीत कुठला स्नायू उगाच आवळला आहे हे कळते, जलद लयीत कळत नाही. टॅपिंग करताना ज्या बोटाचे काम नाही ते ताठ उभे राहत असेल, खांदा कानाकडे चढत असेल, दातखीळ बसत असेल, तर ती लय अजून आपली नाही. मेट्रोनोम मोबाइलवर फुकट मिळतो. त्यावर ६० पासून सुरुवात करावी आणि शरीर सैल राहील तेवढेच पुढे जावे. तार किती दाबायची याची परीक्षा अशी : बोट तारेवर नुसते ठेवा, आवाज येणार नाही. मग हळूहळू दाब वाढवा. स्वर स्वच्छ झाला त्या क्षणी थांबा. तेवढेच बळ पुरे. बहुतेक मुलांना हा प्रयोग केल्यावर आपण कितीतरी जास्त दाबत होतो हे पाहून हसू येते. तारा दांडीपासून फार उंच असतील तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून घोडी खाली करून घ्यावी. स्वस्तातल्या गिटारीत हा दोष हटकून असतो, आणि मुलाला वाटते आपल्याच बोटात दम नाही.

गिटारची उंची हा एक वेगळाच विषय. व्हिडिओतले वादक पट्टा लांब सोडून गिटार पार मांडीपर्यंत लोंबवतात. दिसायला रुबाबदार, पण त्या उंचीवर डावे मनगट काटकोनात दुमडते. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून पाहा. पकड किती ढिली पडते ते कळेल. त्या ढिल्या पकडीला बळ यावे म्हणून कोपराखालचे स्नायू दुप्पट राबतात आणि मनगटाचा बोगदा अधिक चेपतो. बसून वाजवताना गिटार जिथे येते तिथेच ती उभे राहिल्यावरही यावी, एवढा पट्टा आखूड करावा. इलेक्ट्रिक गिटारचे लाकूड भरीव असते, वजन तीन-चार किलो भरते. तेव्हा पट्टा रुंदही हवा. रुबाब थोडा कमी होईल.

आता दुखणे कोणते चालते आणि कोणते नाही. तारेने बोटाची टोके हुळहुळणे, तिथे घट्टा पडणे हे चालते. नांगर धरणाऱ्याच्या तळहाताला पडतो तसाच हा घट्टा. उजव्या हाताचे टॅपिंगचे बोट कोवळे असते, तिथे फोड येऊ शकतो. तो भरेपर्यंत थांबावे. बोटांना खाज येऊन पुरळ उठत असेल तर तारांवरच्या निकेलची ॲलर्जी असू शकते, त्यासाठी वेगळ्या लेपाच्या तारा मिळतात. पण सांध्यात, मनगटात, कोपरात दुखणे. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे राहणे. मुंग्या, बधिरपणा, बोट दुमडल्यावर खटकन उघडणे, हातातून पेला निसटणे, ही हात तयार होण्याची लक्षणे नव्हेत. यांपैकी काही आठवडाभर टिकले तर डॉक्टरला दाखवावे. मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेऊन वाजवत राहणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. दुखणे ही धोक्याची घंटा आहे. गोळीने घंटा बंद होते, आग चालूच राहते. शिवाय अशा गोळ्या उपाशीपोटी रोज घेतल्याने पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

एक विकार दुखत नाही म्हणून अधिक फसवा. वर्षानुवर्षे तीच हालचाल अतोनात केल्यावर काही वादकांची बोटे वाजवायला घेताच आपोआप आत वळतात. जेवताना, लिहिताना तोच हात उत्तम चालतो. यात बिघाड हातात नसून मेंदूने हाताचा काढलेला नकाशा धूसर झालेला असतो. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला हे होते असे मानतात. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६४ च्या सुमारास असा गेला. त्यांनी हार न मानता डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या, शिकवले, आणि तीसेक वर्षांनी उपचारांनंतर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. अशा वेळी आणखी जोर लावून सराव करणे म्हणजे चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरला रेस देणे.

बोट तुटलेल्यांसाठी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. कडबाकुट्टीत बोट गेलेला एक तरी माणूस आपल्या प्रत्येक गावात आहे. टोनी आयोमी हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा वादक सतरा वर्षांचा असताना, १९६५ साली, पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली, आणि तीही तार दाबणाऱ्या हाताची. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. राइनहार्टचा डावा हात १९२८ सालच्या आगीत भाजून दोन बोटे जवळजवळ निकामी झाली होती, तरी तो युरोपभर गाजला. आयोमीने वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांना बसवल्या, तारा सैल केल्या, आणि पुढे ब्लॅक सॅबाथ या वाद्यवृंदात नाव काढले. तथापि हा दाखला कुट्टीच्या तोंडाला पत्र्याचे झाकण न बसवणाऱ्यांसाठी नाही. झाकण बसवाच.

व्हॅन हेलन यांच्याविषयीही एक राहिले. त्यांना जिभेचा कर्करोग झाला, २००० साली शस्त्रक्रिया होऊन जिभेचा काही भाग काढावा लागला, आणि ६ ऑक्टोबर २०२० रोजी ६५ व्या वर्षी कर्करोगानेच ते गेले. आपण वाजवताना धातूची नखी तोंडात धरत असू, त्यामुळे हे झाले, असे ते सांगत. ते वर्षानुवर्षे सिगारेटही ओढत. तोंडाच्या कर्करोगाचे ओळखीचे कारण तंबाखू आहे. त्यासाठी नखीपर्यंत जाण्याची गरज नाही. त्यांचा हात घ्यावा, सिगारेट घेऊ नये. गिटार घेतली म्हणजे पोरगे व्यसनी झाले, ही जी धास्ती काही घरांतून दिसते तिला मात्र अर्थ नाही. आपल्याकडे तंबाखू भजनाच्या बैठकीतही मळली जाते.

शेवटी विजेबद्दल, कारण हाताचे दुखणे बरे होते, हे होत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा घोडीतून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. टॅपिंग करणाऱ्याचे दोन्ही हात सतत त्या तारांवर. ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला आणि घराला अर्थिंग नसले तर तो प्रवाह तारांतून थेट हातात येतो. स्कॉटलंडचा लेस्ली हार्वी हा वादक १९७२ साली भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली घरी गिटार वाजवताना. आपल्याकडे तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन भोकांत बसवण्याची कला घरोघर आहे. तसे करू नये. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की निरुपयोगी होतो. कोळसा-मीठ भरलेल्या त्या खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतावे. जाणत्या वायरमनकडून ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा गळती-स्विच बसवून घ्यावा. शेणामातीच्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून वाजवू नये. गणपतीच्या मांडवात पाऊस असतोच; तिथे एकाच वेळी ओठ माइकला आणि हात तारांना लावण्यापूर्वी दोन्ही यंत्रे एकाच अर्थिंगच्या बोर्डावर आहेत का, ते पाहावे.

ॲम्प्लिफायरच्या आवाजाने कानांचे काय होते आणि रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून हेडफोन लावणाऱ्यांनी आवाज किती ठेवावा, हे पुढील आठवड्यात.